हिरड्यांतून रक्त येतं, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडते का?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझं वय 47. इस्लामपूरजवळच्या गावात राहते, घरी शिवणकाम करते. गेलं दीड वर्ष दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. सकाळी कधीकधी उशीवर गुलाबी डाग असतो. तोंडाला वास येतो, म्हणून गिऱ्हाइकाशी बोलताना मी पदर तोंडाशी धरते. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी वगैरे नॉर्मल आल्या, साखर मात्र काठावर आहे म्हणाले. सगळे म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झालीय. म्हणून चार महिने गुळवेलीचा काढा, च्यवनप्राश, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या सगळं केलं. दातांच्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणतात क्लीनिंग करावं लागेल, तेही हिरडीच्या आतून. पण माझ्या जावेचे दात क्लीनिंगनंतर हलायला लागले, त्यामुळे भीती वाटते. माझं शरीर या जंतूंशी लढत का नाही? प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ? आणि सासूबाई सत्तरीच्या आहेत, रोज मशेरी लावतात, त्यांना कधी थेंबभर रक्त आलं नाही. मग मलाच का?

उत्तर

ताई,

पदराचं वाक्य वाचलं आणि तुमचं पत्र आधी घ्यायचं ठरवलं. हिरड्यांच्या दुखण्यात माणूस हळूहळू हसणं कमी करतो, समोरच्यापासून दोन हात लांब उभा राहतो, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तुमचं दुखणं बरं होण्यासारखं आहे, हे आधी मनाशी पक्कं धरा.

तुमची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. तुमचं शरीर लढतंय, दीड वर्ष रात्रंदिवस लढतंय. रक्त येणं, हिरडी लाल होऊन फुगणं ही त्या लढाईचीच खूण आहे. अडचण अशी की जंतू ज्या ठिकाणी आणि ज्या रीतीने बसलेत, तिथे त्यांना मारणं शरीराच्या हातात राहिलेलं नाही. हे नीट समजलं तर काढ्यावर खर्च करायचा की क्लीनिंगवर, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरात पाण्याचा माठ असेल. आठवडाभर तो नुसता रिकामा करून भरत राहिलात आणि आतून घासला नाही, तर बोट फिरवल्यावर काय लागतं? बुळबुळीत थर. दोन तांबे पाणी ओतून खळखळ विसळलं तरी तो जात नाही. काथ्या घेऊन घासलं की मगच मातीचा खरखरीतपणा बोटाला लागतो. तो थर म्हणजे जंतूंची वस्ती. जंतू पाण्यात सुटे तरंगत नाहीत, एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून त्यातच राहतात. शास्त्रात याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर जमतो तोही नेमका हाच प्रकार, त्याला दातांचे डॉक्टर प्लाक म्हणतात.

आज दुपारी चारच्या सुमाराला एक करून बघा. हात स्वच्छ धुवा आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, अगदी हिरडीलगत नखाने हलकेच खरवडा. नखावर पांढरट-पिवळा मऊ लगदा येईल. तो अन्नाचा कण समजू नका. एक मिलिग्रॅम लगद्यात साधारण दहा कोटी जंतू असतात. त्याच जागी जिभेला खडबडीत काही लागत असेल तर ते किटण, म्हणजे लाळेतल्या कॅल्शियमने दगड झालेला जुना प्लाक. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात, म्हणून दगड आधी तिथे धरतो.

ही वस्ती बसते कशी? दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो. तो अटळ आहे आणि निरुपद्रवीही आहे. पण त्या पापुद्र्याला धरून बसणारे जंतू असतात. आधी येतात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे. ते चिकटले की त्यांच्या अंगावर दुसरे चिकटतात. फ्युजोबॅक्टेरियम नावाचा लांब दोऱ्यासारखा जंतू आहे, तो आधीच्यांनाही धरतो आणि नंतरच्यांनाही. तुम्ही शिवणकाम करता म्हणून सांगते, दोन कापडांना जोडणारा टाका असतो तसं त्याचं काम. दरम्यान साखर, प्रथिनं आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए यांचा गिलावा तयार होत राहतो. वरचे जंतू प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे खालच्या थरात ज्यांना प्राणवायू सोसत नाही अशा जंतूंची सोय होते. हिरडी नासवणारे बहुतेक याच जातीचे. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, जिथे ब्रश पोचत नाही आणि लाळेचा ओघही पोचत नाही, तिथे ते निवांत वाढतात.

आता शरीराकडे वळू. निरोगी माणसाच्या हिरडीतूनही पांढऱ्या पेशी सतत त्या फटीत उतरत असतात. दर मिनिटाला हजारोंनी उतरतात. त्यांचं काम सुट्या जंतूला गिळून मारणं. सुट्टा जंतू सापडला तर पेशी त्याचा फडशा पाडते. पण चिकट गिलाव्यात एकमेकांना धरून बसलेले लाखो जंतू ती गिळणार कसे? तिच्या तोंडात मावणारा घासच नाही तो. ती थरावर सरपटते, गिळू बघते, जमत नाही, आणि मग जंतू मारण्यासाठी पोटात साठवलेली तिखट रसायनं बाहेरच ओतून टाकते. गिलाव्यामुळे ती रसायनं आतल्या जंतूंपर्यंत पुरेशी पोचत नाहीत. शेजारी तुमची हिरडी मात्र उघडी असते. दात हाडाला बांधून ठेवणारे धागे त्या रसायनांनी विरघळतात. सूज तशीच राहिली की शरीर स्वतःच दाताभोवतीचं हाड झिजवून मागे सरकायला लागतं. म्हणजे दात हलतात ते जंतूंनी हाड खाल्लं म्हणून नाही. महिनोन् महिने चाललेल्या आपल्याच लढाईत ते झिजतं.

पांढऱ्या पेशींखेरीज शरीराकडे दुसरीही हत्यारं आहेत आणि प्लाकमधल्या जंतूंनी प्रत्येकावर काही ना काही तोड काढली आहे. लाळेत आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात, काही स्ट्रेप्टोकॉकस ती मधोमध तोडणारं एन्झाइम सोडतात. पांढरी पेशी मरता मरता स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकते आणि त्यात जंतू अडकवते. काही जंतू ते जाळंच कापतात. शिवाय शेजारी शेजाऱ्याला सांभाळून घेतो. एकाला हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतू मारणारं रसायन सोसत नसेल तर दुसरा त्याचं विघटन करून टाकतो. सुट्या जंतूला यातलं फारसं काही साधत नाही. वस्तीत राहिला की साधतं.

पण मला स्वतःला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा जंतू वेगळाच आहे: पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. संख्येने तो थोडा असतो. तो शरीराची धोक्याची घंटा पूर्ण बंदही करत नाही आणि नीट वाजूही देत नाही. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची जी प्रथिनं जंतूवर खूण करून पेशींना बोलावतात, त्यांचे तो आपल्या सोयीने तुकडे करतो. परिणाम असा की पेशीची मारण्याची ताकद ढिली पडते, सूज मात्र चालू राहते. त्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना हवी असते ती सूजच, कारण सुजलेल्या हिरडीतून पाझरणारं पाणी आणि रक्त हेच त्यांचं अन्न. 2011 साली उंदरांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. हा जंतू थोड्या प्रमाणात तोंडात सोडला तर तोंडातली एरवी साधी असलेली जंतूंची वस्तीच बिघडली आणि हाड झिजलं. ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे कोणतेच जंतू नव्हते, त्यांच्यात एकट्याने त्याला काहीच करता आलं नाही. म्हणजे वस्ती नसेल तर हाही दुबळा.

तर ताई, प्रतिकारशक्ती वाढवून काय होईल, याचं उत्तर इथे आहे. आणखी पेशी धाडल्या तरी त्या थराबाहेरच थांबणार. प्रतिकारशक्ती खरोखर कमी असली की काय होतं तेही सांगते, म्हणजे तुमच्या मनातली शंका जाईल. जन्मतःच एक दुर्मीळ दोष असलेल्या मुलांमध्ये पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेर पडता येत नाही. त्यांना वरचेवर गंभीर आजार होतात आणि लहान वयातच हिरड्या जाऊन दात पडतात. तुम्ही 47 वर्षांच्या आहात, रक्ताचा रिपोर्ट नीट आहे. तुमच्या पेशी रोज आपलं काम करतायत.

गोळ्यांनी दोनदा बरं का वाटलं? थरातून सुटलेले आणि वरवरचे जंतू मेले, सूज उतरली, रक्त थांबलं. खोलवरचे जंतू सावकाश वाढणारे, जवळजवळ झोपल्यासारखे असतात आणि अँटिबायोटिक बहुधा वाढत्या जंतूवर चालतं. थरातल्या जंतूंना मारायला सुट्यांच्या कित्येक पट, काही वेळा शंभर ते हजार पट, जास्त औषध लागतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. इतकं औषध माणसाला देता येत नाही. म्हणून पंधरा दिवसांत वस्ती पुन्हा भरली. कृपा करून तिसऱ्यांदा त्याच गोळ्या मागू नका आणि दुकानातून स्वतःहून आणू नका. दर वेळी मागे उरणारे जंतू औषधाला अधिक सरावलेले असण्याचा धोका असतो. काही रुग्णांना अँटिबायोटिक लागतं, ते मीही देते. पण आधी थर खरवडून काढायचा, गोळी त्याच्या जोडीला.

हे ज्ञान नवं नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात अंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगातून त्याने आपल्या दातांवरचा लगदा पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव आहेत हे 1683 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. त्याने व्हिनेगरने चूळ भरूनही पाहिली. लगद्यात व्हिनेगर कालवलं तर जीव मरत, पण नुसत्या चुळीने बाहेरचे तेवढे मेले, थराच्या आत व्हिनेगर गेलंच नाही. जाहिरातीतल्या माउथवॉशची बाटली हातात घ्याल तेव्हा हे आठवा. क्लोरहेक्सिडिनची चूळ चांगली असते, पण ती घासलेल्या दातावर आणि थोडे दिवस. महिनोन् महिने वापरली तर दात तपकिरी होतात, चव बिघडते आणि खालचा थर जागेवरच राहतो.

घासल्याने किती फरक पडतो याचा पुरावा 1965 सालचा आहे. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ना काढा, ना गोळी.

तुमचं प्रकरण त्याच्या पुढे गेलेलं दिसतं, कारण डॉक्टर हिरडीच्या आतून सफाई म्हणाले. त्यांनी बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई हिरडीत घालून मोजलं असेल. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर जाते. चार-पाच किंवा जास्त गेली तर तिथे पॉकेट झालंय असं आम्ही म्हणतो. ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम एक-दोन मिलिमीटर पोचतात. त्याखालचं किटण काळपट हिरवं, दगडासारखं टणक असतं आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग नव्या थराला आयती जागा देतो. ते घरी निघत नाही. डॉक्टर इंजेक्शनने जागा बधिर करतात, दोन-चार बैठकांत दातांची मुळं स्वच्छ करतात, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात. त्या दुसऱ्या मोजणीला जरूर जा. बहुतेक लोक तिथे कंटाळा करतात.

जावेच्या दातांबद्दल. ही भीती मला रोज कुणी ना कुणी बोलून दाखवतं आणि ती खोटी म्हणून मी झिडकारत नाही, कारण त्यांना दात हलताना खरंच जाणवले असतील. पण झालं असं असणार: हाड आधीच झिजलं होतं. किटणाने चार-पाच दात गवंड्याने सिमेंट भरावं तसे एकमेकांना जखडून ठेवले होते. किटण निघालं, सूज उतरली, फटी उघड्या पडल्या आणि हलणं लपलं होतं ते कळलं. क्लीनिंगने हाड जात नाही. उलट सूज गेल्यावर थोडे हलणारे दात पुष्कळदा पुन्हा घट्ट होतात. जावेला फार उशिरा नेलं गेलं, हे तिचं दुर्दैव. आणि तुम्हालाही सफाईनंतर काही दिवस गार-गरम झोंबेल, दात लांब झाल्यासारखे वाटतील. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरून पुढची बैठक चुकवणार नाही.

साखर काठावर आहे, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि सूज लवकर शमत नाही. उलट हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साधारण 0.4 टक्क्यांनी उतरते असं अभ्यासांतून दिसलं आहे. ही तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना दाखवा. काठावरच्या साखरेत च्यवनप्राश चार महिने खाणं मला पटत नाही, त्यात साखर बरीच असते. काढा हिरडीखालच्या थरापर्यंत पोचत नाही. व्हिटॅमिन सीच्या टोकाच्या कमतरतेने हिरड्यांतून रक्त येतं हे खरं, पण जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कोथिंबीर असलेल्या माणसाला त्याच्या गोळ्यांनी हिरडीला फायदा व्हायचं कारण नाही. गोळ्यांचे पैसे मऊ ब्रश आणि दातांच्या फटीत जाणाऱ्या बारीक ब्रशवर घाला.

घासायचं कसं तेही सांगते. मऊ ब्रश दाताला काटकोनात न धरता हिरडीच्या कडेकडे तिरका धरा, केस हिरडी आणि दात यांच्या सांध्यात टेकवा, आणि जागच्या जागी थरथरल्यासारखा हलवा. दोन-दोन दात घेत पुढे जा. जोर लावू नका. मऊ थर काढायला जोर लागत नाही, नेमकी जागा लागते. रात्री झोपण्याआधीचं घासणं कधीही चुकवू नका, आणि फटींतला बारीक ब्रश रात्रीच फिरवा. पहिला आठवडा रक्त जास्त येईल. लोक नेमके इथेच घाबरून ती जागा घासणं सोडतात आणि थर तिथेच वाढतो. तुम्ही सोडू नका, दहा-बारा दिवसांत कमी झालेलं दिसेल. खोल पॉकेटच्या जागी मात्र आतली सफाई झाल्याशिवाय ते थांबणार नाही. सफाईनंतरही काही आठवड्यांत, महिन्यांत जंतू फटीत पुन्हा जमू लागतात, म्हणून पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी दाखवून यायचं.

खर्चाची अडचण असेल तर जवळच्या दंत महाविद्यालयात जा. तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, त्याला पेरिओडॉन्टिक्स म्हणतात, आणि शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी पैशांत हीच सफाई करतात. वेळ जास्त लागतो, एवढंच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, पण खासगी महाविद्यालयांतही दर खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असतात.

सासूबाईंचं मी शेवटी ठेवलं, कारण त्यांची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली, असं तंबाखू वापरणाऱ्या माणसाबद्दल म्हणता येत नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर आत हाड झिजत असतं आणि हिरडी वरून फिकट, कोरडी, छान दिसते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच. ती रोज जिथे घासली जाते तिथे हिरडी दातावरून खाली सरकते, पांढरट चट्टे पडतात, आणि त्यातला एखादा पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. मशेरीने दात घट्ट राहतात हा आपल्याकडच्या बायकांचा जुना समज आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. उजेडात बसवून त्यांना तोंड उघडायला सांगा. गालाच्या आत, ओठाच्या आत, हिरडीवर न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. काही दिसलं नाही तरी त्यांना बरोबर न्या. दोघींची वेळ एकाच दिवशीची मागा, म्हणजे त्या नाही म्हणणार नाहीत.